ओपीडीतून दारूचे उपचार घेणारा तरुण मुलगा: घरच्यांनी काय करायचं आणि काय नाही

प्रश्न, थोडक्यात: माझा मुलगा २८ वर्षांचा आहे, एमआयडीसीत नोकरीला. कॉलेजपासून पितो. दिवाळीनंतर त्याला फिट आली, तेव्हा दवाखान्यात ठेवलं होतं. तेव्हापासून मानसोपचार डॉक्टरांची ओपीडी चालू आहे, दर पंधरा दिवसांनी तारीख असते. व्यसनमुक्ती केंद्रात राहायला तयार नाही, नोकरी जाईल म्हणतो. दोन महिने बरा होता. परवा मित्राच्या हळदीला गेला आणि पिऊन आला. हे म्हणतात घराबाहेर काढ. माझा भाऊ म्हणतो लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. शेजारणीने दुधातून द्यायची एक गोळी सांगितली आहे. मी रात्र रात्र जागी असते. मी नेमकं काय करू?

ताई, दुधातल्या गोळीपासून सुरुवात करते. बाकीचं उद्यावर ढकललं तरी चालेल, हे नाही.

शेजारणीने सांगितलेली गोळी बहुतेक डायसल्फिराम असणार. औषध खोटं नाही. १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते दारूच्या व्यसनावर वापरायला सुरुवात केली, आणि आमच्या ओपीडीत आजही ते रोज लिहिलं जातं. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं अॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचा निचरा करतं. ही गोळी तो निचरा अडवते. मग थोड्या दारूनेही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, बीपी खाली जातं. जास्त प्यायलेला असेल, हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल, तर जिवावर बेतू शकतं. आपण गोळी घेतली आहे हेच ज्याला माहीत नाही, तो नेहमीसारखा क्वार्टर संपवणार, रस्त्यात कोसळणार, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनाही सांगू शकणार नाही की हे कशामुळे झालं.

शिवाय हे कधी ना कधी उघडकीला येतंच. मग मुलगा घरचं दूध, चहा, आमटी सगळ्याकडे संशयाने पाहायला लागतो. आईच्या हातचं जेवण बंद करून बाहेर खाणारी मुलं मी पाहिली आहेत. तो विश्वास परत मिळवायला वर्षं जातात. म्हणून ती गोळी दुधात नको, चहात नको, भाजीत नको. शेजारीण मायेनेच सांगते आहे, पण ऐकू नका.

तीच गोळी तो स्वतःहून, सगळं समजून घेणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती फार उपयोगी पडते. निर्धार सकाळी पक्का असतो, संध्याकाळी सात वाजता डळमळतो. सकाळी गोळी घेतली की संध्याकाळी स्वतःशी झगडावं लागत नाही, कारण आज प्यायलो तर काय होईल हे त्याला माहीत असतं. शेवटच्या गोळीनंतरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ती सुरू करताना शेवटचं पिणं होऊन निदान १२ तास गेलेले हवेत, आणि यकृताची तपासणी झालेली हवी. डॉक्टरांनी हीच गोळी त्याला दिली आहे का, हे मला तुमच्या प्रश्नातून कळत नाही. दिली असेल तर पुढचं वाचा, नसेल तर त्यांना विचारा. मी समुपदेशक आहे, कोणतं औषध आणि किती हे ठरवण्याचं काम त्यांचं.

गोळी कोणासमोर घ्यायची हे डॉक्टरांच्या खोलीत, मुलाच्या तोंडून ठरू द्या. आईसमोर, वडिलांसमोर की बहिणीसमोर, जो म्हणेल तो एकच माणूस. एका घरात मी हे फार सुंदर चाललेलं पाहिलं. मुलगा आंघोळ करून यायचा, देवघराशेजारच्या डबीतून स्वतः गोळी काढायचा, वडिलांच्या समोर पाण्याबरोबर घ्यायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायचा. वडील पेपरातून मान वर करून म्हणायचे, “झालं? चल, चहा घेऊ.” बस, एवढंच. “तोंड उघड, जिभेखाली दाखव” असलं काही नाही. एखाद्या दिवशी त्याने गोळी घेतली नाही तर त्या तारखेला खूण नसायची, आणि पुढच्या तारखेला ते कॅलेंडर डॉक्टरांच्या टेबलावर जायचं. त्यावर घरात भांडण करायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. औषध घेणं हे मुलाचं काम राहिलं, वडील फक्त साक्षीला होते.

ही गोळी चालू असताना घरातल्या काही साध्या वस्तू सांभाळाव्या लागतात. आयुर्वेदिक आसवं आणि अरिष्टं, म्हणजे दशमूलारिष्ट, कुमारीआसव, द्राक्षासव यांत आंबवण्यातून आपोआप अल्कोहोल तयार झालेलं असतं. खोकल्याची काही सिरपं, होमिओपॅथीची पातळ औषधं यांतही ते असतं. दाढीनंतर लावायचं लोशन आणि सॅनिटायझर यांचाही काहींना त्रास होतो. जुलाबावर देतात ती मेट्रोनिडाझोल या गोळीबरोबर चालत नाही, म्हणून गावातल्या फॅमिली डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायला हवं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं.

त्याला नॅल्ट्रेक्सोन किंवा अॅकॅम्प्रोसेट चालू असेल तर वरची भीती नाही. ती औषधं दारूशी भांडत नाहीत, ओढ आणि पिण्यातली मजा कमी करतात. पुष्कळ घरांतून “गोळी घेऊनही प्यायला आणि काहीच झालं नाही, म्हणजे गोळीच बोगस” अशी तक्रार येते आणि औषध बंद होतं. तसं करू नका. फक्त नॅल्ट्रेक्सोन घेणाऱ्याला ट्रॅमाडोल, कोडीन असल्या वेदनाशामकांचा उपयोग होत नाही, उलट त्रास होऊ शकतो. अपघात झाला, ऑपरेशन निघालं, तर ही गोळी चालू आहे हे पहिल्यांदा सांगायचं.

आता परवाची हळद.

तुम्ही लिहिलंय की दोन महिने बरा होता आणि परवा सगळं पाण्यात गेलं. ताई, पाण्यात गेलेलं नाही. दोन महिन्यांत त्याचं शरीर सावरलं आहे, झोप थोडी जागेवर आली आहे, कामावर वेळेत जायची सवय परत लागली आहे. एका रात्रीने हे पुसलं जात नाही. पुसलं जातं ते पुढच्या चार-पाच दिवसांत, आणि तेही बहुतेक वेळा लाजेपोटी. “एवढं करून शेवटी प्यायलोच, मग आता काय राहिलं” हा विचार एका रात्रीचे आठ दिवस करतो. व्यसनमुक्ती गटात अशा एका वेळच्या पिण्याला स्लिप म्हणतात. स्लिपनंतर घरात काय बोललं जातं यावर पुष्कळ काही ठरतं.

प्यायलेला असताना काही बोलू नका. पाणी द्या, कुशीवर झोपवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि दार लोटून घ्या. गाडीची किल्ली काढून घ्या. “फुंक मार, वास येतोय का बघू” हे नको, ते तुम्हालाही शोभत नाही आणि त्यालाही लागतं. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत असताना, चहा झाल्यावर, शक्यतो दोघंच असताना बोला. वडील, मामा, काकू अशी पंचायत बसवून नव्हे. साधारण असं:

“काल तू प्यायलास. मला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली. दोन महिने तू जे केलंस ते मी पाहिलंय. आज डॉक्टरांना फोन करशील का? मी सोबत येऊ की एकटा जातोस?”

यात शिव्या नाहीत, रडणं नाही, “तुझ्यासाठी मी काय काय केलं” याची यादी नाही. आणि खोटंही नाही. वाईट वाटलं तर वाटलं म्हणायचं. सगळ्यात महत्त्वाचा आहे तो शेवटचा प्रश्न. तो निर्णय त्याच्या हातात देतो, आणि दोन्ही उत्तरं त्याला दवाखान्याकडेच नेतात. पुढची तारीख दहा दिवसांवर असेल तरी थांबायचं नाही, फोन करून आधी जायचं. मग डॉक्टर किंवा समुपदेशक त्याच्याशी त्या संध्याकाळचा तपशील काढतील: कोणी बोलावलं, पोटात जेवण होतं का, पहिला ग्लास कोणी हातात दिला, नाही म्हणायला काय अडलं. पुढच्या हळदीला काय करायचं ते यातून निघतं. जेवूनच जायचं, स्वतःच्या गाडीने जायचं, नऊला निघायचं, की या वर्षी हळदीला जायचंच नाही आणि थेट अक्षतांना जायचं. मला विचाराल तर पहिलं वर्ष हळद, वरात आणि मित्रांच्या सहली टाळलेल्या बऱ्या. गटारी अमावस्या, ३१ डिसेंबर, विसर्जन, गावची जत्रा, पगाराचा दिवस, बोनसचा दिवस या तारखा कॅलेंडरवर आधीच दिसतात. त्या संध्याकाळी घरात काय करायचं हे दोन दिवस आधी ठरवून ठेवा.

स्लिप एका रात्रीची नसेल, सलग चार-पाच दिवस तो पीत राहिला असेल, तर मात्र “आजपासून बंद” असं घरच्या घरी करायला लावू नका. त्याला आधी फिट येऊन गेलेली आहे, म्हणून हे ठळकपणे सांगते. रोज दारू मेंदूला दाबत असते आणि मेंदू उलट्या बाजूने जोर लावून तोल सांभाळत असतो. रस्सीखेचीत समोरच्याने एकदम दोर सोडला की आपण मागे कोसळतो, तसं दारू अचानक थांबल्यावर मेंदूचं होतं. शेवटच्या पिण्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. फिट यायची तर साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, वेळ-काळ कळत नाही, ताप चढतो, घाम फुटतो. ही अवस्था जीवघेणी असते. आधी फिट आलेल्या माणसाला ती पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून अशा वेळी घरी न ठेवता काही दिवस दवाखान्यात ठेवणंच योग्य.

आपल्याकडे हे दरवर्षी घडतं. कोणी आषाढी एकादशीला माळ घालतो, कोणी श्रावणाच्या पहिल्या दिवशी शपथ घेतो, आणि तिसऱ्या रात्री घरचे त्याला धरून कॅज्युअल्टीत आणतात. माळेबद्दल मला मनापासून आदर आहे. माळ घालून आयुष्यभर दारूला न शिवलेली माणसं आमच्या भागात गावोगाव आहेत, आणि वारकऱ्यांची संगत व्यसन सोडलेल्या माणसाला फार मोठा आधार देते. माळ जरूर घालावी. फक्त रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटून, आठवडा-दहा दिवसांच्या गोळ्यांनी शरीर शांत करून मग घालावी. या गोळ्या, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या, डॉक्टर कमी कमी करत बंद करतात. त्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा, रोजच्या रोज द्या, आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परत आणू नका. त्यांचीही सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, मात्र चुकवू नका. दारूमुळे ते शरीरात कमी पडतं, आणि ते फार कमी झालं तर स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

केंद्रात राहणारा माणूस महिनाभर दारूच्या वाटेपासूनच लांब असतो. ओपीडीतला माणूस रोज संध्याकाळी त्याच नाक्यावरून, त्याच ठेक्यासमोरून, त्याच मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसकट घरी येतो. ओपीडीचा फायदाही त्यातच आहे, कारण जिथे जगायचं तिथेच न पिता जगायला तो शिकतो. पण म्हणूनच संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ घराने सांभाळायची असते. पहारा देऊन नाही. तो कामावरून आल्यावर अर्ध्या तासात पोटभर खायला मिळालं पाहिजे. भूक, थकवा, राग आणि एकटेपणा या चार गोष्टी ओढीला बळ देतात, आणि त्यातली भूक भागवणं सगळ्यात सोपं. ओढ सहसा पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास जोरात असते, मग ओसरते. तेवढा वेळ कोणीतरी काहीतरी करायला हवं: बाजारात जाऊन येणं, व्यायामशाळा, गोठ्यातलं काम, भाच्याचा अभ्यास. “येतोस का, मोटार चालू करून येऊ,” असं वडिलांनी नुसतं म्हटलं तरी ती वेळ निघून जाते.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर विचारते, घरात बाटली आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एक असते, “यांचं महिन्यातून एखाद्या वेळी असतं” म्हणून. ती घरातून गेली पाहिजे. त्यांना व्यसन नाही, त्यांना ती पचते, हे सगळं खरं असेल. तरी ज्या घरात एक माणूस रोज झगडतोय त्या घरात बाटली नको, आणि निदान पहिलं वर्ष वडिलांनी पिऊन घरात येऊ नये. हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं तर बरं, म्हणून पुढच्या तारखेला त्यांना सोबत न्या. “माझ्या मुलासाठी मी सोडली” असं एखाद्या वडिलांनी ओपीडीत म्हटलं की मुलाचा चेहरा बदललेला मी पाहते. दहा भाषणांनी जे होत नाही ते तेवढ्याने होतं.

त्यांचं “घराबाहेर काढ” हेही मी समजू शकते. वर्षानुवर्षं अपमान गिळलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. पण रागाच्या भरात दिलेली धमकी पाळली जात नाही, आणि न पाळलेली धमकी मुलगा ओळखून असतो. त्यापेक्षा दोन-तीनच नियम करा, जे तुम्ही खरंच पाळू शकाल. घरात पिणं नाही. प्यायलेल्या अवस्थेत आजीशी, बहिणीशी बोलणं नाही. हात उगारला तर त्याच रात्री पोलिसांना फोन, आणि तो करायचा म्हणजे करायचा. नियम शांतपणे, तो शुद्धीत असताना सांगायचे, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं.

पैशांबद्दल पालक सगळ्यात जास्त विचारतात. त्याचा पगार त्याचा आहे. कार्ड हिसकावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि त्याचा उपयोगही होत नाही, कारण उधारीवर मिळतंच. तो स्वतः तयार असेल तर पगार जमा झाल्याच्या दिवशी मोठा हिस्सा आरडीत, हप्त्यात किंवा बहिणीच्या खात्यात आपोआप वळेल अशी सोय त्यालाच करू द्या आणि खिशात आठवड्यापुरते पैसे राहू द्या. मोबाइलवरून पैसे देणं सोपं झाल्यापासून ही सोय फार कामाची ठरते आहे. बारची उधारी, मोबाइल अॅपवरचं कर्ज, मित्रांचे हातउसने मात्र तुम्ही फेडू नका. वसुलीवाले दारात आले की आईचा जीव वर-खाली होतो आणि ती पाटल्या गहाण टाकते. त्याने त्याचा महिना सुटतो, पिण्याचा खर्च त्याला कळतच नाही. तो तीन महिने न पिता राहिला आणि स्वतः हप्त्यांचा हिशेब घेऊन आला, तर मदत करा, आणि पैसे थेट देणेकऱ्याला द्या. तसंच कामावर “त्याला ताप आहे” असा फोन तुम्ही करू नका. सुट्टी सांगायची तर त्याने सांगावी.

यामागे नुसता कडकपणा नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबीयांना शिकवण्याची एक पद्धत तयार केली, तिला क्राफ्ट म्हणतात. न पिता घालवलेला वेळ घरात गोड व्हावा, पिण्याचे परिणाम माणसाला स्वतःला दिसू द्यावेत, आणि घरच्यांनी आपलं आयुष्य थांबवू नये, हा तिचा गाभा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, उपचारांना अजिबात तयार नसलेल्या माणसांपैकी ६४ टक्के माणसं, घरच्यांना ही पद्धत शिकवल्यावर उपचारांना आली. सगळ्या कुटुंबाने मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं. तुमचा मुलगा तर आधीच उपचारांना येतोय. आपल्याकडेही, पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी घरच्यांशी बोलणं हा उपचाराचाच भाग मानतात.

म्हणून तो न पिता आलेल्या संध्याकाळीही काहीतरी बोला. आपली सवय अशी की प्यायला तर तास-दोन तास बोलणं, न पिता आला तर टीव्ही. घरात त्याच्याकडे लक्ष जातं ते फक्त पिण्याच्या दिवशी, आणि हे उलटं करायला हवं. “आज जेवायला सगळे एकत्र बसलो, बरं वाटलं” एवढं पुरे. “बघ, न पिता किती छान राहतोस, मग असाच राहा की” हे शेपूट जोडू नका.

पहिले तीन महिने तो चिडका, उदास, गप्प वाटेल. झोप तुटक राहील. दारू सोडलेल्या मेंदूला नीट जागेवर यायला काही महिने लागतात. “दारू पीत होता तेव्हा निदान हसायचा तरी,” असं आया माझ्याकडे येऊन म्हणतात आणि मग तोंडावर हात ठेवतात. त्यांना तसं वाटणं मला कळतं. पण उदासी दोन-तीन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, “माझ्या जगण्यात काही अर्थ नाही” असं तो बोलला, तर ते नाटक समजू नका. नैराश्य वेगळं असू शकतं आणि त्याचे उपचार वेगळे असतात. आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. स्लिपनंतरचे दिवस यासाठी जास्त धोक्याचे असतात. शेती असेल तर तणनाशकं, कीटकनाशकं घरात किंवा उघड्या शेडमध्ये ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. हे मी प्रत्येक शेतकरी कुटुंबाला सांगते. रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

डॉक्टर आपल्याला काहीच सांगत नाहीत, ही तक्रार तुमचीही असेल. तो सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय त्याची माहिती सांगायची नाही हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बांधून दिलं आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्या कायद्याच्या कक्षेत येतात. पण तुम्ही डॉक्टरांना सांगायला कायदा आड येत नाही. घरात काय दिसलं ते एका कागदावर लिहून द्या, आणि मुलाला माहीत असू द्या की तुम्ही देताय. चोरून फोन केलेले त्याला कळतात आणि मग तो डॉक्टरांशीही मोकळं बोलत नाही. याच कायद्यामुळे त्याला उचलून केंद्रात “टाकता” येत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, स्वतःची काळजी घेण्याची शुद्ध नाही, अशा वेळी तज्ज्ञांनी तपासून ठरावीक मुदतीसाठी भरती करता येते. गाडी पाठवून घरातून उचलून नेणारी, कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रं आहेत. तिथून आलेला मुलगा घरच्यांना माफ करत नाही. केंद्र निवडायची वेळ आलीच तर आधी स्वतः जाऊन पाहा: मानसोपचारतज्ज्ञ येतात का, नोंदणी आहे का, रुग्णाला घरी फोन करू देतात का.

भावाला माझा निरोप द्या: लग्न नको, आत्ता नाही. लग्नाने दारू सुटत नाही, एक मुलगी मात्र अडकते. आमच्या ओपीडीत नवऱ्याबरोबर येणाऱ्या कितीतरी सुनांना हे लपवून आणलेलं असतं. निदान एक वर्ष तो सलग न पिता राहू द्या. त्यानंतरही स्थळाला सगळं खरं सांगायचं, त्याच्याच तोंडून. तोवर कोणी विचारलं तर “दोन वर्षं थांबायचं म्हणतोय” एवढं पुरे. नातेवाइकांना सगळा इतिहास सांगायची गरज नाही, आणि खोट्या आजाराचं नाव घ्यायचीही गरज नाही.

आता तुम्ही. रात्रभर जागून तुम्ही त्याचं पिणं थांबवू शकत नाही. गेटचा आवाज होईपर्यंत अंथरुणात बसून राहणं मला माहीत आहे, प्रत्येक आई ते सांगते. त्याच्याकडे किल्ली द्या, झोपायची वेळ ठरवा, आणि बीपी-शुगर तपासून घ्या, कारण अशा आयांचं ते हमखास वाढलेलं निघतं. भिशी, भजनी मंडळ, बहिणीकडची चक्कर सुरू करा. “लोक काय म्हणतील” म्हणून तुम्ही घरात कोंडून घेतलंत तर मुलगा त्याचाही भार स्वतःवर घेतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्या माणसांच्या गटाच्या सभा महाराष्ट्रात बहुतेक जिल्ह्यांत मराठीत होतात, त्यांना पैसे पडत नाहीत. त्याने जावं की नाही हे त्याचं. पण घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट आहे, तिथे तुम्ही आजच जाऊ शकता, तो गेला नाही तरी. तुमच्यासारखीच बाई शेजारी बसून बोलते तेव्हा जे हलकं वाटतं ते माझ्यासारख्या समुपदेशकाच्या खुर्चीवर बसून वाटत नाही.

पुढच्या तारखेला जाताना केसपेपर, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, कॅलेंडर आणि यकृताचे आधीचे रिपोर्ट घेऊन जा. डॉक्टरांना एवढं विचारा: त्याला नेमकी कोणती गोळी चालू आहे आणि ती किती महिने? फिट पुन्हा आली तर आम्ही कोणत्या दवाखान्यात न्यायचं? तुमच्या समुपदेशकाकडे वडिलांना घेऊन एकदा वेगळी वेळ मिळेल का? आणि मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून नव्हे, त्याच्यासमोरच विचारा.